आठ वर्षांचा मुलगा, बेसबॉलचं वेड आणि क्रिकेटवाला बाप

सातारकर_जर्सीत | १४ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत असतो. चिरंजीव आठ वर्षांचे. आमच्या घरात तीन पिढ्या क्रिकेट, आणि याने बेसबॉल धरलाय. गेल्या वर्षापर्यंत कोचच चेंडू टाकायचे, तोवर ठीक होतं. यंदापासून मुलंच मुलांना पिच करतात, म्हणजे चेंडू टाकतात, आणि तिथून आमची वरात सुरू झाली.

पहिल्याच मॅचला पठ्ठ्याने चेंडू मारला, बॅट हातात घट्ट धरून पहिल्या बेसकडे पळाला आणि बेस दोन हातांवर असताना वाकून बॅट टेकवली. क्रीझमध्ये टेकवतात तशी. तोवर फर्स्ट बेसवरच्या पोराने शांतपणे चेंडू झेलून बेसवर पाय ठेवला होता. आउट. कोचने फक्त माझ्याकडे बघितलं. हे कुणी शिकवलं, ते त्याला विचारावं लागलं नाही.

तर प्रश्न असे. मागच्या आठवड्यात एक ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत आलेला चेंडू, टप्पा खाऊन गालावर आदळला, तेव्हापासून चेंडू आला की हा मान फिरवतो. भीती कशी घालवायची? दुसरं, त्याला पिचरच व्हायचंय. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात मी बादली पालथी घालून तिच्यावर बसतो आणि हा टाकतो. साठ-सत्तर तरी होत असतील. युट्यूबवर बघून कर्व्हबॉलही, म्हणजे मनगट पिळून टाकायचा वळणारा चेंडू, सुरू केलाय. किती टाकू द्यावं? तिसरं, ग्लव्ह नवा आहे, दगडासारखा कडक. आई फोनवर म्हणाली, खोबरेल तेल चोळ. चालेल का?

निमा_डॅलस | १४ एप्रिल, रात्री ११:०५

बॅट टेकवली हे वाचून चहा नाकातून आला. आमच्याकडे दोन मुलं खेळतात, मी तीन वर्षं स्कोअर लिहिते, म्हणून थोडं.

आधी बॅट बघा. वाढत्या अंगाची घेतलीय का? सदऱ्याला ते चालतं, बॅटला नाही. त्याला सांगा, एका हाताने बॅट बाजूला खांद्याच्या उंचीवर आडवी धर. अर्ध्या मिनिटाच्या आत थरथरायला लागली तर ती जड आहे. जड बॅटने मुलं चेंडू मारत नाहीत, बॅट त्यांना फिरवते. आणि तिच्यावर यूएसए बेसबॉलचा शिक्का आहे ना, तेही बघा. २०१८ पासून लिटल लीगमध्ये, म्हणजे इथल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेत, तो लागतो. जुन्या सेलमधल्या बॅटा लोक स्वस्तात घेतात आणि मग अंपायर मैदानातून परत पाठवतो.

भीतीचं म्हणाल तर आठवडाभर खरा चेंडू कपाटात ठेवा. टेनिस बॉल किंवा मऊ सराव-चेंडू घ्या आणि दहा फुटांवरून हाताखालून टाका. गालाची सूज दोन दिवसांत उतरते, धास्तीला वेळ लागतो. "घाबरू नकोस" हे वाक्य वापरू नका, त्याने आजवर कुणाचीही भीती गेलेली नाही.

सदाशिवपेठी_आजोबा | १५ एप्रिल, सकाळी ८:१२

आमच्या वेळी आम्ही दिवसभर चिंचेवर दगड मारायचो. कुणी मोजले नाहीत, कुणाचं कोपर गेलं नाही. आताच्या पोरांना तूप कमी पडतं.

जळगावची_शॉर्टस्टॉप | १५ एप्रिल, रात्री ९:३०

आजोबा, तुपाचं मान्य, पण तुम्ही दिवसभर दगडच मारत होतात का? संक्रांतीला पतंग, मग गोट्या, उन्हाळ्यात पाडाचे आंबे, मध्येच विटीदांडू, पावसाळ्यात चिखलात लगोऱ्या. दर दोन महिन्यांनी खेळ बदलायचा. एकाच अंतरावरून, एकाच नेमावर, जीव खाऊन, वर्षभर दगड मारले असते तर चिंच आणि कोपर दोन्ही संपलं असतं. आणि विटी डोळ्याला लागल्याची एक तरी गोष्ट प्रत्येक वाड्यात आहे, ती तुम्ही सोयीने विसरलात.

आता सातारकर, तुमच्याकडे वळते. मी शाळेत आणि पुढे कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, आता इथे मुलींच्या टीमला मदत करते. क्रिकेटच्या घरातली मुलं आली की तीन सवयी हमखास दिसतात आणि तिन्हींमुळे इजा होते.

पहिली, उघडा हात. आपण लहानपणापासून "दोन्ही हात चेंडूखाली, चेंडूबरोबर मागे ने" असं शिकलेलो. हे मूलही उजवा तळवा चेंडूसमोर आणतं. बेसबॉल पाच ते सव्वापाच औंसांचा, म्हणजे आपल्या लेदर बॉलपेक्षा जरासाच हलका. बोटांच्या टोकावर आला की नख काळं. चेंडू ग्लव्हच्या जाळीत घ्यायचा, उघडा हात ग्लव्हच्या शेजारी, चेंडू आत गेल्यावर झाकण लावायला. चेंडू कमरेच्या वर असेल तर ग्लव्हची बोटं आकाशाकडे, खाली असेल तर जमिनीकडे. निम्मी मुलं पोटासमोर आलेल्या चेंडूला बोटं चुकीच्या दिशेला करतात आणि तो ग्लव्हवरून घसरून थेट हनुवटीवर येतो.

ग्राउंडरला ग्लव्ह आधी मातीला टेकवायचा. टप्पा उसळला तर हात वर न्यायला वेळ मिळतो, वरून खाली आणायला मिळत नाही. तुमच्या मुलाच्या गालावर जो बसला तो बहुधा असाच. हा उभा असणार, ग्लव्ह गुडघ्याशी, आणि शेवटच्या क्षणी मान फिरवलेली. मान फिरली की डोळे गेले आणि पुढे येतो कान. त्याला सांगा, टोपीचा शेंडा चेंडूला दाखव. हे वाक्य मुलांना कळतं, "चेंडूवर नजर ठेव" कळत नाही.

दुसरी सवय अंगावर येणाऱ्या पिचची. क्रिकेटमध्ये आपण छाती उघडून मागे सरकतो किंवा डोकं मागे घेतो. इथे उलट. पुढचा खांदा कॅचरकडे, म्हणजे मागे बसलेल्या विकेटकीपरसारख्या खेळाडूकडे, वळवायचा, हनुवटी छातीला, बॅट खाली, आणि चेंडू पाठीवर घ्यायचा. शर्टाचा नंबर पिचरला दिसला पाहिजे. हे मोज्यांच्या गोळ्यांनी शिकवा. दहा गोळे प्लेटवर, म्हणजे बॅटरपुढच्या जमिनीतल्या पाटीवर, टाका, मध्येच एक अंगावर. मुलं खिदळत शिकतात आणि आठवड्यात ते अंगवळणी पडतं. आठ-नऊ वर्षांची पिचर मंडळी कुठे टाकतील याचा त्यांनाही पत्ता नसतो, त्यामुळे हे फटक्याआधी शिकवायला हवं.

तिसरी, बॅट. प्लेटशेजारी कपड्यांची रिकामी टोपली ठेवा. टीवरचा, म्हणजे उभ्या दांड्यावर ठेवलेला, चेंडू मारला की बॅट टोपलीत टाकून मगच पळायचं. भिरकावली तर धाव बाद. यात बॅट घेऊन पळणं जातं आणि मागे भिरकावणंही, जे कॅचरच्या दृष्टीने जास्त वाईट.

सिलिकॉन_पाटील | १६ एप्रिल, दुपारी १:४५

कॅलिफोर्नियातून. एवढं नाजूक करून चालत नाही हो. इथे नऊ वर्षांची मुलं ट्रॅव्हल टीममध्ये, गावोगावी सामने खेळणाऱ्या संघात, वर्षभर खेळतात. माझ्या मुलाला खासगी पिचिंग कोच आहे, रडार गन घरीच आहे. आठव्या वर्षी मागे पडला तर बाराव्या वर्षी संधीच मिळत नाही. सातारकर, मुलाला आवड आहे तर साठ चेंडू काहीच नाहीत.

हाडवैद्य_इंग्रजी | १६ एप्रिल, रात्री ११:५०

नाव गमतीत घेतलंय, काम खरंच हाडांचं करतो. कुणाचंही निदान इथे करत नाही, मुद्दा तेवढा सांगतो.

मोठ्या माणसाच्या कोपरात ताण आला की आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटतो. टॉमी जॉन ऑपरेशन ते त्याचंच. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्यावर केलं आणि नाव मात्र पेशंटचं लागलं, जोब बिचारे बाजूलाच. मुलांचं गणित वेगळं. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कुर्चा असते, ग्रोथ प्लेट म्हणतात ती. अस्थिबंधापेक्षा ती कमकुवत. म्हणजे तोच ताण आला की दोर तुटत नाही, दोर ज्या खुंटीला बांधलाय ती खुंटी ओल्या भिंतीतून हलते. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं. याला इथे लिटल लीग एल्बो असंच नाव पडलंय. खांद्यातही हेच होतं.

ही खुंटी एका चेंडूने हलत नाही. पुन्हा पुन्हा, आणि दमलेल्या हाताने टाकल्याने हलते. म्हणून लिटल लीगने २००७ पासून पिच मोजायला सुरुवात केली. सात-आठ वर्षांना दिवसाला ५०, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५. शिवाय सुट्टी: २१ ते ३५ पिचना एक दिवस, ३६ ते ५० ना दोन, ५१ ते ६५ ना तीन, ६६ च्या पुढे चार. एका दिवशी ४१ किंवा जास्त टाकले तर त्या दिवशी उरलेल्या वेळात कॅचर व्हायचं नाही. कारण कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकत असतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

पाटीलसाहेब, वर्षभराचं म्हणाल तर अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २००६ मध्ये ऑपरेशन झालेल्या कुमारवयीन पिचरची तुलना धडधाकट पिचरशी केली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिच करणाऱ्यांत ऑपरेशनची शक्यता ५ पट आढळली. हात दमलेला असताना नेहमी टाकणाऱ्यांत ३६ पट. हे छापखान्याची चूक वाटावी असे आकडे आहेत, पण नाहीत. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट सूचनांमध्येही वर्षातले चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग, असं सांगितलंय.

कर्व्हबॉलनेच कोपर जातं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, एकूण संख्या आणि थकवा हे मोठे गुन्हेगार. पण त्याच सूचनांत नऊ ते बारा वयातही फास्टबॉल आणि चेंजअप (तसाच दिसणारा पण संथ चेंडू) एवढंच टाका असं आहे. आठ वर्षांच्या हाताला साधा चेंडू दोन बोटांत मावत नाही, तीन बोटांनी धरावा लागतो. त्याला मनगट पिळायला कशाला सांगायचं?

सिलिकॉन_पाटील | १७ एप्रिल, सकाळी ९:०२

अभ्यास सगळीकडे असतात. माझ्या मुलाला काही झालेलं नाही. आणि झालंच तर ते ऑपरेशन करून लोक जास्त वेगाने टाकतात असं आमचा कोच म्हणतो.

हाडवैद्य_इंग्रजी | १७ एप्रिल, सकाळी ९:४०

वेग वाढतो तो वर्षभर घाम गाळून केलेल्या व्यायामाने. तो व्यायाम कोपर न कापताही करता येतो.

निमा_डॅलस | १७ एप्रिल, सकाळी १०:१५

पाटील, रडार गनचं एक विचारू? आकडा आला की मुलगा आनंदाने ओरडतो की तुम्ही?

संपादक | १७ एप्रिल, दुपारी १२:००

वैयक्तिक शेरे नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषय लहान मुलांचा आहे, तेवढा ठेवा.

कोकणातली_काळजी | १८ एप्रिल, रात्री ८:३०

मला एक विचारायचंय. छातीवर चेंडू बसून हृदय थांबतं असं ऐकलं. खरं आहे का? माझी सहा वर्षांची टी-बॉल खेळते, तेव्हापासून झोप नाही.

हाडवैद्य_इंग्रजी | १८ एप्रिल, रात्री १०:१०

खरं आहे आणि फार दुर्मिळ आहे. ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणाला छातीवर आघात झाला तर हृदयाची लय बिघडते. टी-बॉलला मऊ चेंडू वापरतात, तिथे हा धोका आणखी कमी. हृदयासाठीच्या प्रमाणित छाती-संरक्षकांनी तो कमी होतो, शून्य होत नाही. खरी विचारायची गोष्ट ही की मैदानावर एईडी, म्हणजे झटका देऊन हृदयाची लय परत आणणारं यंत्र, कुठे आहे आणि ते वापरता येणारं कोण आहे. स्नॅकची यादी लावणाऱ्या आईला हे विचारा, बहुतेक वेळा तिलाच सगळं माहीत असतं. आणि झोपा.

जळगावची_शॉर्टस्टॉप | १८ एप्रिल, रात्री १०:४०

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त लागतं ते डगआउटमध्ये, खेळाडू बसतात तिथे. खेळ चालू असताना कुणीतरी कंटाळून बॅट फिरवतं आणि मागचा त्याच्या कक्षेत असतो. लिटल लीगच्या लहान गटांत म्हणूनच पुढच्या बॅटरला बाहेर उभं राहून बॅट फिरवू देत नाहीत. अंगणातही हाच नियम लावा, एका वेळी बॅट एकाच्याच हातात. धाकटी भावंडं बरोबर बॅटच्या मागे येऊन उभी राहतात, त्यांना कुंपणापलीकडे खुर्ची द्या.

सातारकर_जर्सीत | २९ एप्रिल, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. मोज्यांचा खेळ जोरात चालू आहे, टोपलीही. ग्राउंडरला आता टोपीचा शेंडा दाखवतो. गेल्या शनिवारी दोन सुंदर उचलले.

पण लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. आज सकाळी दात घासताना बघितलं, ब्रश डाव्या हातात. हा उजवा आहे. विचारलं तर म्हणाला, "सहज." मग बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, कोपर वाकवलं की आत चावतं. कधीपासून? "खूप दिवस नाही, चार-पाच." मला का नाही सांगितलं? "तू बादलीवर बसायचा बंद झाला असतास."

रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. शनिवारी मॅचमध्ये ३८ पिच. नियमात. मग तीन इनिंग कॅचर. ४१ च्या आत होता, म्हणजे तेही नियमात. रविवारी अंगणात माझ्याबरोबर साठेक. ३८ ला दोन दिवस सुट्टी असते हे मला तुमच्यामुळे माहीत होतं, पण मी म्हटलं सुट्टी मॅचची, हा तर सराव. सोमवारी टीमचा सराव. मंगळवारी पुन्हा बादली. स्कोअरच्या वहीत माझी बादली कुठेच नाही.

हाडवैद्य_इंग्रजी | २९ एप्रिल, रात्री ११:४८

उद्यापासून फेकणं पूर्ण बंद. बर्फ लावून, गोळी देऊन "बघू शनिवारपर्यंत" असं अजिबात नको. दुखणं दाबून टाकायला लावणं हाच धोका. उद्याच मुलांच्या डॉक्टरांना फोन करा. दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले तर गोंधळू नका. या वयात डावं कोपर हाच उजव्याचा नकाशा असतो.

आणि त्याने सांगितलं ही चांगली गोष्ट आहे. रागावला नसाल अशी आशा.

सदाशिवपेठी_आजोबा | ३० एप्रिल, सकाळी ७:३०

पोराला माझे आशीर्वाद सांगा. चिंचेचं मागे घेतो.

सातारकर_जर्सीत | ४ मे, रात्री ९:१५

एक्स-रेत उजव्या बाजूची ती कुर्चा किंचित रुंद दिसतेय. तुटलेलं काही नाही. सहा आठवडे फेकणं बंद, मग हळूहळू. डॉक्टरबाईंनी बॅटिंगही पहिले तीन आठवडे बंद सांगितली, पळायला मोकळा. रडला. मग विचारलं, "मॅचला जायचं ना पण?" आता डगआउटमध्ये बसून दुसऱ्या टीमच्या पिचरचे चेंडू मोजतो. परवा अंपायरचा आकडा आणि याचा आकडा जुळला नाही आणि याचा बरोबर निघाला. कोचने त्याला क्लिकर देऊन टाकलाय.

कोचना सगळं सांगितलं. त्यांना अंगणातल्या बादलीबद्दल काहीच माहीत नव्हतं. आता आमच्या टीमच्या प्रत्येक आईबापाकडून घरचे आणि खासगी कोचकडचे चेंडूही लिहून घेतात. दोन बाबा नाराज आहेत.

जळगावची_शॉर्टस्टॉप | ५ मे, रात्री १०:००

परत सुरू कराल तेव्हा जवळून करा. वीस-तीस फूट, आरामात, एक दिवस आड. दुखलं नाही तर अंतर वाढवा, दुखलं तर एक पायरी मागे. आकडे डॉक्टरबाईंकडून घ्या. त्या काळात पाय शिकवा, तेच सगळे विसरतात. फेकताना बाजूला वळून उभा राहतो का, पुढचा पाय नेमाकडे पडतो का, कोपर खांद्याच्या खाली लोंबतं का. हे चेंडूशिवाय, आरशासमोर टॉवेल घेऊन बघता येतं, तेही डॉक्टरबाई हो म्हणाल्यावरच. मुलं हाताने फेकायला बघतात कारण पायांनी फेकायचं असतं हे कुणी सांगतच नाही.

सिलिकॉन_पाटील | ६ मे, दुपारी ३:२०

लवकर बरा होवो. आम्ही नोव्हेंबर-डिसेंबर सुट्टी घ्यायचं ठरवतोय. आधीच ठरलं होतं.

सातारकर_जर्सीत | २१ जून, रात्री १०:०५

शेवटची बातमी. परवानगी मिळाली. एक दिवस आड, तीस फुटांवरून वीस चेंडू. सीझन संपलाच, पण याला त्याचं काही नाही.

आई साताऱ्याहून आलीय. मोजायचं काम तिने मागून घेतलं. पायरीवर बसते, ओच्यात वीस शेंगदाणे, पुढ्यात वाटी. प्रत्येक चेंडूला एक दाणा वाटीत. काल पंधराव्याला हा म्हणाला, आज छान पडतायत आजी, अजून दहा टाकू? मी बादलीवरून तोंड उघडणार होतो. आईने वाटी त्याच्या हातात दिली, म्हणाली पाच उरलेत, संपले की हे खायचे. वाद मिटला. मी हाच प्रश्न हाताळायला सहा आठवडे वाचत होतो.

पण आता नवीन भानगड. आम्ही दोघं कामावर असताना तिने ग्लव्हला खोबरेल तेल चोळलं. चमचाभर नाही, अर्धी बाटली. मऊ झालाय हे खरं, पण काळा पडलाय, वजन वाढलंय आणि आज सकाळी गॅरेजमध्ये त्याला मुंग्या लागल्या होत्या. चेंडू आत गेला की बाहेर येताना चकाकतो. काही उपाय?

निमा_डॅलस | २१ जून, रात्री १०:२२

वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, रोज कागद बदला. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको, चामडं तडकेल. मग रोज थोडं झेलत राहा, हळुवार, त्यानेच ग्लव्ह घडतो. तुम्ही फेका, त्याने झेलायचं आणि चेंडू लोळवत परत द्यायचा. ते दाण्यांत धरू नका म्हणावं आईंना.